कपाच्या कानावर नेम

१

पुतणीने, दादाच्या लेकीने, रुमाल उचलला आणि टाळ्यांसाठी वर गेलेले सगळे हात तिथल्या तिथे थबकले. स्टुलावर आईचा कप नव्हता, कपाचे तुकडे होते. कानाचे दोन तुकडे एकीकडे पडले होते, कपाची दोन शकलं दुसरीकडे, आणि मधोमध शिशाचा एक चपटा झालेला छरा होता. पुतणीने हातातला रुमाल उजेडात धरला. त्यालाही पुढच्या बाजूने एक बारीक भोक होतं.

"हे कुणी केलं?" दादाने विचारलं. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

आता या कपाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दादाच्या फर्निचरच्या कारखान्यामागे एक लांबट अंगण आहे. त्याच्या एका टोकाला वाळूची पोती रचलेली, पोत्यांपुढे एक फळी, फळीवर पोस्टकार्डाएवढा कागद. दुसऱ्या टोकाला उभं राहून छऱ्याच्या बंदुकीने त्या कागदाचा मध्य फोडायचा, हा या घराचा पिढीजात नाद. बंदूक दादाच्या आईची. एकदा बंदूक जिन्यावरून पडली आणि तेव्हापासून वीतभर डावीकडे मारू लागली. तिचं नावच वाकडी पडलं. दुरुस्त करून आणू का, असं कुणी म्हटलं की आई उडवून लावायची. "राहू दे. सरळ बंदुकीने कुणीही मारेल," म्हणायची.

मग तिनेच शक्कल काढली. कागदाच्या उजवीकडे, बरोबर वीतभर अंतरावर, एका स्टुलावर आपला निळ्या काठाचा चहाचा कप ठेवायचा, कान कागदाच्या बाजूला. नेम धरायचा कपाच्या कानावर, की छरा जातो कागदाच्या मध्यावर. आई गेल्यावर तो कपच बक्षीस झाला. वर्षातल्या एका रविवारी सगळे जमत, आणि जो जिंकेल त्याच्या कपाटात कप वर्षभर मिरवत असे. तीस वर्षं सगळं घर आईच्या कपावर नेम धरत आलं आणि कपाचा टवकासुद्धा उडाला नाही. वाकडीची उजवी बाजू म्हणजे घरातली सगळ्यात सुरक्षित जागा, अशी सगळ्यांची खात्रीच झाली होती.

हे गुपित मात्र फक्त घरच्यांना सांगायचं, असा आईचा दंडक. पाहुणे येत, कागदावर नेम धरत, सगळे छरे डावीकडच्या पोत्यात घालत आणि चहा पिऊन खाली मान घालून परत जात.

गेल्या महिन्यात असाच एक पाहुणा आला होता. पेशाने घड्याळजी, बोलायला कमी, हाताला हलका. पुतणीचं लग्न त्याच्याशी ठरत आलं होतं. त्याचेही पाचही छरे डावीकडे गेले. या खेपेला तो शनिवारी दुपारीच मुक्कामाला आला होता, आणि आता दादाची नजर त्याच्यावर जाऊन थांबली होती.

"काल दुपारी सगळे झोपले होते तेव्हा तू कारखान्यात काय करत होतास?"

घड्याळजीचा चेहरा उतरला. "ते आत्ता सांगता येणार नाही, काका."

"आत्ता नाही तर कधी?"

घड्याळजीने नुसती मान हलवली.

"हे बघ," दादा म्हणाला, "चूक करणारा माणूस या घरात चालतो. लपवणारा चालत नाही. आज संध्याकाळपर्यंत खरं बोललास तर बोललास. नाहीतर लग्नाची बोलणी इथेच संपली."

पुतणी नर्स. रात्रपाळी करून तशीच थेट आलेली. तिने बापाकडे पाहिलं, मग घड्याळजीकडे, आणि रुमालाची घडी घालू लागली. ती घडी काही केल्या नीट बसेना.

"संध्याकाळ कशाला?" मागून आत्या म्हणाली. "मला जेवणापर्यंत वेळ दे. तोवर कुणी वाकडीला हात लावायचा नाही, आणि कुणी घर सोडायचं नाही."

२

आत्या म्हणजे दादाची पाठची बहीण. वजनमापे निरीक्षक म्हणून तिने उभा जन्म बाजारातले तराजू तपासण्यात घालवला होता. ती पेठेत शिरली की अर्ध्या दुकानदारांना अचानक घरची कामं आठवत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी भाजीवाल्याच्या काट्याकडे ती अजून अशी बघे की तो न मागता मूठभर जास्त टाकी. स्वतःच्या डोळ्यांवर आणि डोक्यावर तिचा पूर्ण विश्वास होता, आणि तो ती लपवतही नसे.

आधी ती अंगणाच्या टोकाला गेली. कागद कोरा करकरीत होता. आजच्या सामन्यासाठी काल लावलेला, एकही भोक नाही. कपाच्या कानाचे तुकडे तिने चिमटीत उचलले. छरा कानाच्या बरोबर मध्यावर लागला होता, कानाचे दोन तुकडे होऊन त्याच धक्क्याने कप उभा तडकला होता. जाड रुमालाखाली सगळं जागच्या जागी बसून राहिलं, म्हणून सकाळपासून कुणाला पत्ता नव्हता.

मग ती डावीकडच्या पोत्याकडे वळली. पाहुण्यांनी या पोत्याची चाळण केली होती. जागोजागी सुतळीचे टाके होते. ते वहिनीचं, दादाच्या बायकोचं, काम. पण एका ठिकाणी टाका नव्हता. तिथे पोतं बोटभर उकरलं होतं, खाली मूठभर वाळू सांडली होती, आणि उकरलेल्या भोकात लाकडाची एक छोटी खुंटी गच्च बसवली होती. खुंटीचं टोक गोल घासलेलं होतं. लाकडाचा रंग अजून ताजा होता.

आत्याने खुंटीला हात लावला नाही. ती स्वतःशीच "हं" म्हणाली आणि कारखान्यात शिरली. तिथे दादा रंध्यावर हात ठेवून उभा होता, पण रंधा चालत नव्हता.

"सरळ हिशेब आहे," तो म्हणाला. "आपण सगळे कानावर नेम धरतो. कानावर धरला की छरा कागदात. मग कपाला मारणार कोण? ज्याला गुपित माहीत नाही, तोच."

"त्याला गुपित माहीत नाही, म्हणजे त्याने नेम कागदावर धरला," आत्या म्हणाली. "मग छरा डावीकडच्या पोत्यात जायला हवा. गेल्या महिन्यात पाचही तिकडेच गेले होते की."

"मग त्याने मुद्दाम कपावर धरला."

"कपावर धरला असता तर छरा कागदात गेला असता. आपला रोजचाच खेळ झाला असता तो."

दादाने रंध्यावरचा भुसा झटकला.

"वाकडीने कप फोडायचा तर नेम कपाच्याही उजवीकडे वीतभर धरायला हवा," आत्या म्हणाली. "तिकडे नुसती भिंत आहे. भिंतीवर नेम धरून, रुमालाखाली झाकलेल्या कपाचा कान मध्यावर उडवायचा. हे तुला जमेल? मला नाही जमणार."

"मग काय कप आपोआप फुटला?" दादा चिडला.

"तेच शोधतेय," असं म्हणून आत्याने खुंटाळ्यावरची वाकडी काढली, नाकाशी नेली आणि ताज्या तेलाचा वास घेतला.

३

वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासत कसली, त्यांच्यावर राग काढत होती.

"वन्सं, माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. ती बंदूक विहिरीत टाका असं मी शंभरदा म्हटलंय. पण फोडायचंच असतं तर मी बंदूक फोडली असती, सासूबाईंचा कप नाही. काल रात्री नऊला मी स्वतः धुऊन, पुसून, स्टुलावर ठेवून झाकला."

"आणि सकाळी?"

"सकाळी सहाला उठले तर पाण्याचा पंप चालू. तो धडधडायला लागला की कानाशी कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही."

"पंप कोण लावतं?"

"रोज हेच लावतात. पहाटे उठायचं, आधी पंप, मग दुसरं काम." वहिनीने हात पुसले. तिचा आवाज जरा खाली आला. "आज काहीतरी बिनसलंय यांचं. नाश्त्याला बसले नाहीत. भूक नाही म्हणे. आणि चष्मा तीनदा पुसला. स्वच्छच होता."

आत्याने मान डोलावली आणि भांड्यांना वहिनीच्या हवाली केलं.

धाकटा भाऊ ओसरीवर पाय पसरून बसला होता. त्याचा छापखाना आहे, आणि बोटांना शाई नसेल असा दिवस त्याच्या आयुष्यात उगवलेला नाही. तोही काल रात्री मुक्कामालाच होता.

"मी आठला उठलो," तो म्हणाला. "तेही वहिनीने पांघरूण ओढलं म्हणून. गेल्या वर्षी केसभर फरकाने कप हुकला माझा. मला तो जिंकायचाय, ताई. फोडून काय करू?"

"बरं, एक सांग. वाळूच्या पोत्याला भोक पडलं आणि वाळू गळतेय. तू काय करशील?"

धाकट्याने तिच्याकडे ती चळली की काय अशा नजरेने पाहिलं. "चिकटपट्टी लावीन. छापखान्यात दुसरं असतं काय?"

"शाबास," आत्या म्हणाली. आपल्याला शाबासकी कशाबद्दल मिळाली हे त्याला कळलं नाही, पण तो खूश झाला.

घड्याळजी बाहेरच्या खोलीत पिशवी भरत होता. पुतणी दाराशी उभी होती. तिचे डोळे लाल होते, आणि ते फक्त रात्रपाळीचं जागरण नव्हतं.

"आत्या, बाबांचं चुकतंय," ती म्हणाली. "पण हा बोलत का नाही? मलाही सांगत नाही."

"पिशवी खाली ठेव," आत्या त्याला म्हणाली. "काल-आज तू इथे छरा झाडलास?"

"एकही नाही. अंगणात नाही आणि कारखान्यातही नाही."

"बंदुकीला हात लावलास?"

तो खाली बघत राहिला. त्याच्या अंगठ्याच्या नखाखाली तेलाची काळी रेघ होती, आणि खिशातून चामड्याची एक छोटी पिशवी डोकावत होती. बारीक पेचकस ठेवतात तसली.

"आत्या, आज बक्षीस मिळेपर्यंत मी काही बोलणार नव्हतो," तो म्हणाला. "आणि आता बोललो तर कप मीच फोडला असंच ठरेल."

"मग नको बोलूस. फक्त एवढं सांग. गेल्या महिन्यात तुझे पाचही छरे डावीकडे गेले, तेव्हा तुझ्या मनात काय आलं?"

"बिचारे काका, असं आलं," तो पटकन म्हणाला. "इतकी वर्षं ते अशा बंदुकीने खेळतात."

आत्या हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू. पुतणीचा हात दाबून ती म्हणाली, "सगळ्यांना अंगणात बोलाव. जेवणाआधीच आटपू."

४

आत्याने फळीवर नवा कागद लावला. कपाच्या जागी, त्याच स्टुलावर, कडीचा एक पत्र्याचा डबा ठेवला. कडी कागदाच्या बाजूला. घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. घड्याळजीला त्यातलं काही कळलं नाही.

"धाकट्या, घे बंदूक. नेहमीच्या जागी नेम धर आणि एक छरा झाड."

"नेहमीच्या जागी?"

"अगदी नेहमीच्या."

धाकट्याने बंदूक खांद्याला लावली, श्वास रोखला आणि घोडा दाबला. डबा टणकन उडाला आणि भिंतीपर्यंत गडगडत गेला. कागद कोराच.

वहिनीच्या तोंडून "अगंबाई" निघालं. धाकटा बंदुकीकडे असा पाहत राहिला, जणू ती त्याला चावली होती. दादा तर जागचा हललाच नाही.

"आता मी," आत्या म्हणाली. तिने नेम धरला तो थेट कागदाच्या मध्यावर. या अंगणात घरच्या कुणी तीस वर्षांत धरला नव्हता असा. फट् आवाज झाला. पुतणी धावत गेली आणि कागद घेऊन आली. भोक मध्यावर होतं.

"वाकडी सरळ झाली!" धाकटा ओरडला.

"सरळ केली," आत्या म्हणाली. "नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरतात ती, उजवीकडे कलली होती, ती उभी केली. तिच्या मुळाशी बघा, धातू नवा चमकतोय. आणि ताजं तेल. हे काम बारीक हत्यारांचं आणि मुरलेल्या हाताचं. असा माणूस आज घरात एकच आहे. काय घड्याळजी?"

घड्याळजीने मान डोलावली. "काल दुपारी केली. दोरा धरून बघितलं, माशी कललेली दिसली. काकांचे आज सगळे छरे मध्यावर बसावेत, आणि मग सांगावं, असं ठरवलं होतं. झाडून मात्र बघितली नाही, शपथेवर सांगतो. आवाज झाला असता तर गंमतच गेली असती."

"म्हणजे यानेच..." दादा पुढे झाला.

"थांब." आत्याने हात वर केला. "बाजारात मी एक गोष्ट हजारदा पाहिली. खोटा काटा असला की दुकानदार त्याला सरावतो. आपसूक चिमूटभर इकडे, चिमूटभर तिकडे करतो, आणि माप बरोबर येतं. मग कुणीतरी एके दिवशी तो काटा दुरुस्त करतं, आणि सांगत नाही. त्या दिवशी सगळ्यात मोठी चूक कोण करतो? नवखा नाही करत. सरावलेला करतो."

तिने सगळ्यांवरून एकवार नजर फिरवली.

"सरळ झालेल्या वाकडीने कप कुणी फोडला असेल? ज्याने नेहमीच्या जागी नेम धरला, त्यानेच. आणि नेहमीची जागा घरच्यांनाच माहीत आहे. या पोराला ती आजही माहीत नाही."

"नेहमीची जागा म्हणजे कुठली?" घड्याळजीने विचारलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

५

आत्या डावीकडच्या पोत्याकडे गेली. तिने खुंटी उपटली आणि तळहातावर ठेवून परत आली.

"माझ्या वाकडीचा छरा कागदाला लागला नाही तर मी तो कुठे शोधीन? डावीकडे. कारण ती तीस वर्षं डावीकडेच मारते. आज पहाटे कुणीतरी तो डावीकडे शोधला. पोतं उकरलं, छरा मिळाला नाही. वाळू गळायला लागली. वहिनीने टाका घातला असता. धाकट्याने चिकटपट्टी लावली असती. पण या माणसाला भोक दिसलं की खुंटी ठोकल्याशिवाय राहवत नाही. आणि ठोकायच्या आधी तिचं टोक गोल घासल्याशिवायही राहवत नाही."

ती खुंटी तिने दादाच्या हातात ठेवली. दादाने ती ओळखली. स्वतःचं काम कोण ओळखणार नाही?

तो चालत फळीपर्यंत गेला, बाकीचे मागोमाग. मग स्टुलावर, कपाच्या जागी, मटकन बसला.

"पहाटे पंप लावला आणि एकच छरा झाडला," तो म्हणाला. "गेले दोन-तीन महिने नेम हलतोय असं वाटत होतं. म्हटलं, कुणी उठायच्या आत बघावं. जाऊन पाहतो तर कागद कोरा. भोकसुद्धा नाही. आयुष्यात असं झालं नव्हतं. वाटलं, संपलं. डोळा गेला. डावीकडे शोधत बसलो. उजवीकडे मान वळवली नाही, अगं, कप इथे हाताशी होता."

"आणि रुमाल उचलला तेव्हा?" वहिनीने विचारलं. "तेव्हाही मनात आलं नाही?"

"खरंच नाही. वाकडी उजवीकडे मारेल, हे माझ्या स्वप्नातसुद्धा येणार नाही. मी आपला एकच गोष्ट लपवत होतो. म्हातारा झालो, हे कुणाला कळू नये." त्याने घड्याळजीकडे पाहिलं आणि नजर लगेच खाली घेतली. "आणि लपवणारा या घरात चालत नाही, हे मीच म्हणालो. पोरीचं लग्न मोडायला निघालो होतो."

पुतणी येऊन बापाच्या शेजारी उभी राहिली, इतकंच.

आत्याने कपाच्या कानाचे दोन तुकडे त्याच्या मांडीवर ठेवले. "दादा, हे जोडून बघ. भेग कुठून गेलीय?"

दादाने चष्मा वर सारला आणि तुकडे जुळवले. भेग बरोबर मध्यातून गेली होती.

"पहाटेच्या अंधूक उजेडात, रुमालाखालचा नुसता उंचवटा पाहून, तू नेम धरलास आणि तिथेच छरा घातलास," आत्या म्हणाली. "तुझा डोळा शाबूत आहे. हात शाबूत आहे. आईने बघितलं असतं तर आधी तुला रागावली असती आणि मग सगळ्या गल्लीला सांगत सुटली असती."

दादा हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. मग उठला, घड्याळजीसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सरळ हात जोडले.

"चुकलं माझं. आणि लपवलंही मीच."

"काका, असं नका करू," घड्याळजी गडबडला. "लपवलं तर मीही. आणि कप..."

"कप मी चिकटवतो. चिकटवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तू इकडे ये."

त्याला खांद्याला धरून दादाने अंगणाच्या कडेला नेलं आणि त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगू लागला. बोट एकदा स्टुलाकडे, एकदा कागदाकडे. काय चाललंय ते सगळ्यांना कळलं. धाकट्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"मला लग्नानंतर पाच वर्षांनी सांगितलं होतं हो," वहिनी आत्याला म्हणाली. "याला लग्नाआधीच!"

ऐकता ऐकता घड्याळजीचे डोळे विस्फारले. "म्हणजे मी माशी उभी केली म्हणूनच..."

"म्हणूनच."

मग सगळ्या घड्याळजींसारखं त्याला चूक दाखवल्याशिवाय राहवलं नाही. "पण काका, आता ते काही उपयोगाचं नाही. बंदूक सरळ झालीय. आता नेम मध्यावरच धरायला हवा."

"एवढं मला कळत नाही होय रे?" दादा म्हणाला. "उपयोगाचं नसू दे. पण घरच्या माणसाला सांगायचं राहिलं, असं व्हायला नको."

त्याने बंदूक घड्याळजीच्या हातात दिली आणि पुतणीने फळीवर नवा कागद लावला. घड्याळजीने बंदूक खांद्याला लावली. पण डोळे भरून आल्यामुळे त्याला कागदच दिसेना, म्हणून त्याने ती खाली घेतली आणि जरा थांबतो म्हणाला. कुणी त्याला घाई केली नाही.